फ्री विल नाहीच असं मानलं तर श्रद्धेला काही अर्थ उरतो का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकन लेखक आणि मेंदूविज्ञानाचा अभ्यासक सॅम हॅरिस याच्या 'मेकिंग सेन्स' पॉडकास्टला पैसे भरणाऱ्या मेंबर लोकांमध्ये फ्री विलच्या, म्हणजे माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या, भागांवरून वाद चाललाय, एक गट म्हणतो फ्री विल नाही म्हणजे देवाधर्माचा विषयच संपला, दुसरा गट म्हणतो श्रद्धा ही माणसाने स्वतः निवडायची गोष्ट आहे त्यामुळे फ्री विल असलंच पाहिजे, आणि तुम्ही देव मानता पण हॅरिसचं म्हणणंही तुम्हाला पटतंय म्हणून मध्येच अडकलाय. शिवाय भारतातून त्या मेंबरशिपचे पैसे भरावेत का हेही विचारलंय. मी बरीच वर्षं तिथला मेंबर आहे आणि घरात रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. फ्री विल गेलं तर श्रद्धा जात नाही, 'ज्याची जशी लायकी तसं त्याला मिळालं' हा हिशोब जातो. आणि तो गेलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरून भांडतायत, की श्रद्धा माणसाच्या निवडीवर उभी असते. धर्माच्या आत शतकानुशतकं लोक याच्या बरोबर उलट म्हणत आलेत आणि त्या वादात माणसांचे जीवसुद्धा गेलेत.

हॅरिसचा मुद्दा थोडक्यात असा, कारण तिथल्या चर्चेत बरेच जण तो अर्धवटच मांडतात. तो म्हणतो कुठल्याही एका शहराचं नाव मनात आणा. समजा तुम्हाला वाई आठवलं. आता चिपळूणही तुम्हाला माहिती होतं, मग ते का नाही आलं? तुम्ही वाई 'निवडलं' म्हणता पण खरं तर ते नाव आपोआप वर आलं आणि तुम्ही फक्त ते आलेलं बघितलं, जे नाव डोक्यात आलंच नाही ते नाकारायचं स्वातंत्र्य तुम्हाला कधी होतं? दुसरं त्याचं नेहमीचं उदाहरण चार्ल्स व्हिटमनचं. १९६६ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाच्या टॉवरवरून त्याने लोकांवर गोळ्या झाडल्या, मरण्याआधी लिहून ठेवलं होतं की माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, तपासा, आणि शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली. गाठ म्हटल्यावर आपला राग थोडा ओसरतो ना? हॅरिस विचारतो की गाठ नसती, नुसतेच वाईट जीन्स आणि वाईट बालपण असतं, तरी ते त्याने कुठे निवडलं होतं.

एक सांगतो, वाद घालताना अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या प्रयोगावर फार भर देऊ नका. १९८३ चा तो प्रयोग, ज्यात बोट हलवायची इच्छा जाणवायच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. २०१२ मध्ये शुर्गर हा मेंदूसंशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या हालचालीच्या आलेखात दिसणारी चढती रेघ म्हणजे मेंदूतला साधा गोंधळ शेकडो वेळा मोजून सरासरी काढल्यावर दिसणारा आकार असू शकतो, आधीच झालेला 'निर्णय' असेलच असं नाही. वाईच्या प्रश्नाला मात्र यंत्र लागत नाही, तो घरी बसून स्वतःवर करून बघता येतो, म्हणून मला तोच जास्त भिडतो.

आता श्रद्धेकडे येऊ. तिथल्या चर्चेत अमेरिकेतल्या मिशिगनच्या एक बाई होत्या, डच कॅल्व्हिनिस्ट घरात वाढलेल्या, म्हणजे कोण तरणार हे देवानेच आधी ठरवलंय असं मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथातल्या. सगळे 'फ्री विल नाही म्हणजे ख्रिस्ती धर्म संपला' म्हणत होते तेव्हा त्यांनी शांतपणे लिहिलं की आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना हेच शिकवतात, की तुझी इच्छा स्वतंत्र नाही, देवावरचा विश्वाससुद्धा तू कमावलेला नाहीस, तो तुला दिला गेलाय. आणि त्यांचं बरोबर आहे. १५२४ मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं आणि पुढच्याच वर्षी प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं, की इच्छा बांधलेली आहे, तारण, म्हणजे मुक्ती, फक्त देवाच्या कृपेने होतं. त्याच्याही हजारेक वर्षं आधी ऑगस्टीन आणि पेलाजियस या दोन ख्रिस्ती विचारवंतांत हेच भांडण झालं, पेलाजियस म्हणायचा माणूस स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो, आणि ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने त्या मताला पाखंड ठरवलं. म्हणजे 'मी स्वतःच्या हिमतीवर चांगला झालो' हे म्हणणंच पाखंड!

हॉलंडमध्ये तर हा वाद थेट राजकारणात घुसला. आर्मिनियस नावाचा डच धर्मशास्त्रज्ञ म्हणाला की देवाची कृपा माणूस नाकारू शकतो, म्हणजे थोडी तरी मोकळीक आहे. तो १६०९ मध्ये वारला पण भांडण वाढतच गेलं, १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावी मोठी धर्मसभा भरली आणि आर्मिनियसवाद्यांना चर्चमधून काढण्यात आलं. त्यांची बाजू घेणारा मोठा नेता ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा मे १६१९ मध्ये हेगला शिरच्छेद झाला, धर्माबरोबर सत्तेचंही भांडण होतं त्यात, आणि ह्यूगो ग्रोशियस, ज्याला आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणतात, त्याला जन्मठेप झाली. तो १६२१ मध्ये लोव्हेस्टाइन किल्ल्यातून पुस्तकांच्या पेटीत लपून पळाला, बायकोने युक्ती केली म्हणून वाचला. हे सगळं मी मुद्दाम लिहितोय, कारण फ्री विलचा प्रश्न म्हणजे मेंदूविज्ञानाने धर्मावर टाकलेला नवा बॉम्ब आहे असं जे लोक समजतात त्यांना कळू दे की ज्या माणसांनी यासाठी जीव दिले ती सगळी श्रद्धावान होती.

आपल्याकडेही तेच. गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१ वा श्लोक म्हणतो ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून, यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्या भूतांना मायेने फिरवतो. यापेक्षा स्पष्ट 'फ्री विल नाही' काय असू शकतं? आणि एकच श्लोक सोडून ६३ व्यात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, या सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. दोन्ही वाक्यं एकाच्याच तोंडी, लागोपाठ. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात दहावं प्रकरण पूर्ण याच विषयाला दिलंय, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य, मराठीतून या विषयात शिरायचं असेल तर तिथून सुरुवात करा, भाषा जड आहे पण मुद्दा टाळलेला नाही.

आणखी एक धागा आहे जो तिथल्या वादात कुणीच काढत नाही. हॅरिस तरुणपणी लखनौला पूंजाजींकडे, म्हणजे लोक ज्यांना पापाजी म्हणायचे त्यांच्याकडे राहून शिकलाय. पूंजाजी रमण महर्षींचे शिष्य. आणि १८९८ मध्ये मुलाला घरी परत न्यायला आई तिरुवण्णामलैला आली तेव्हा मौनात असलेल्या रमणांनी तिला कागदावर जे लिहून दिलं त्याचा आशय हाच, की जीवांच्या प्रारब्धाप्रमाणे विधाता सगळं घडवतो, जे व्हायचं नाही ते कितीही धडपडलं तरी होणार नाही आणि जे होणार आहे ते थांबवता येणार नाही. हॅरिसने आपलं मत तिथून उचललं असं मी म्हणत नाहीये, त्याचं कारण-कार्याचं मांडणं पाश्चात्त्य आहे आणि देव तो मानतच नाही. पण 'मी कर्ता' हा भाव ध्यानात शोधायला गेलं तर सापडत नाही, हे तो जे वारंवार सांगतो ते ऐकताना मला परकं कधीच वाटलं नाही. तुकोबा स्वतःला धन्याचा माल वाहणारा हमाल म्हणवतात, एवढं मोठं काम करूनही श्रेय घेत नाहीत, ती श्रद्धा काही फ्री विलवर उभी नव्हती.

मग धक्का बसतो कुठे? हिशोबाला बसतो. कायमचा नरक ही कल्पना, की इच्छाच देवाने घडवली आणि शिक्षाही तोच देणार, अनंत काळ, हे माझ्या मनाला कधीच पटलेलं नाही आणि कॅल्व्हिनिस्ट लोकांनाही त्यावर 'देवाची योजना आपल्याला कळत नाही' यापलीकडे फार काही सांगता येत नाही. पण दुसऱ्यांच्या नरकाबद्दल बोलून गप्प बसणं बरोबर नाही, आपलं पण बघू. आपल्याकडे एखाद्या घरात मतिमंद मूल जन्मलं की कुणीतरी शहाणा येऊन आईला म्हणतो, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. माझ्या नात्यातच हे झालंय, मी त्या माऊलीचा चेहरा बघितलाय. जातीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गाडलं ते याच हिशोबावर, की तुझा जन्म ही तुझीच कमाई. हॅरिस, अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की वगैरे मंडळी जे सांगतात, की कुणीही आपले आईबाप, जन्मगाव, मेंदू निवडून येत नाही, ते खरं मानलं तर हे वाक्य तोंडातून निघूच शकत नाही. इथे मला निरीश्वरवादी हॅरिस आपल्या कित्येक कीर्तनकारांपेक्षा जास्त धार्मिक वाटतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

हॅरिसचं सगळंच मला पटतं असं मात्र नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनिअल डेनेट, जे एप्रिल २०२४ मध्ये गेले, त्यांचं म्हणणं असं की विचार करून, परिणाम ओळखून, चुकलं तर सुधारून वागण्याची जी क्षमता आपल्यात आहे तिलाच फ्री विल म्हणा, ती खरी आहे, आणि दीड वर्षाच्या पोरात ती नसते, मोठ्या माणसात असते. मुलाला वाढवताना, कामावर कुणाला जबाबदारी देताना आपण हाच फरक बघतो. हा फरक पुसून टाकला तर जगणंच अशक्य होईल. मी तिथे डेनेटच्या बाजूचा आहे. पण 'म्हणून अमक्याने भोगलंच पाहिजे' इथपर्यंत ते मला नेऊ शकत नाहीत.

आणि हो, 'सगळं ठरलेलंच आहे तर मी प्रयत्न कशाला करू' असं जो मेंबर दर दोन दिवसांनी लिहितो त्याला सांगा की याचं उत्तर स्टोइक पंथाचा ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपस याने बावीसशे वर्षांपूर्वी दिलंय. आजारी माणूस म्हणतो बरं व्हायचं असेल तर होईन, डॉक्टर कशाला. क्रिसिपस म्हणतो अरे, तुझं बरं होणं ठरलेलं असेल तर ते डॉक्टरला बोलावण्यासकट ठरलेलं आहे. प्रयत्न साखळीच्या बाहेर नाही, साखळीतलीच एक कडी आहे. तसंच २००८ चा एक प्रयोग तिथे सारखा टाकतात, की फ्री विल नाही असं वाचायला दिलं की लोक जास्त फसवाफसवी करतात. तो पुन्हा करून बघितला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, त्याला घाबरू नका.

पैशाबद्दल. भारतातून भरताना अडचण बहुतेक वेळा कार्डाची असते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे तुमची रीतसर मंजुरी नोंदवलेली नसेल तर अडकतात, आणि परदेशी व्यवहार कार्डावर चालू करून घ्यावा लागतो. म्हणून वर्षाचे एकदम भरलेले सोपे पडतात. पैसे भरल्यावर तुम्हाला तुमच्या नावाची वेगळी फीड लिंक मिळते, ती पॉडकास्टच्या ॲपमध्ये टाकली की पूर्ण भाग ऐकता येतात, ती लिंक कुणाला पाठवू नका.

पण ज्यामुळे मी हा पॉडकास्ट सोडला नाही ती गोष्ट वेगळीच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हॅरिसने पेट्रिऑन, म्हणजे चाहत्यांकडून पैसे गोळा करून देणारी साईट, सोडलं आणि लोकांकडून थेट स्वतःच्या साईटवर पैसे घ्यायला लागला, आणि तिथे वर्षानुवर्षं सोय ही होती की परवडत नसेल तर नुसता ईमेल करा, फुकट अकाउंट मिळेल. पगार किती, का परवडत नाही, काही विचारायचे नाहीत. याच्यावरूनही मेंबरांत भांडणं झाली, की आम्ही पैसे भरायचे आणि कुणीही मागून फुकट घ्यायचं का, खोटं बोलून घेणारेही असतील ना. असतीलच. पण बघा, फ्री विलच्या भागांत जो माणूस तासनतास सांगतो की कुणाच्या वाट्याला काय आलं हे त्याने कमावलेलं नाही, त्याने पैशाच्या बाबतीतही लायकी तपासली नाही. फुकट अकाउंट कुणाला मिळावं आणि कृपा कुणावर व्हावी, दोन्हीकडे वाद एकच आहे, आणि जे मेंबर फ्री विल नाही म्हणून छाती ठोकतात आणि त्याच आठवड्यात 'फुकटे' म्हणून नाकं मुरडतात त्यांना तुम्ही हेच विचारा, की तुमच्या मते त्या फुकट्याने दुसरं काही केलं कसं असतं?

आताच्या अटी साईटवर बघून घ्या आणि झेपत असेल तर भरा, नसेल तर काही सवलत आहे का ते विचारा, लाजू नका. ऐकायची सुरुवात मात्र २०१६ मध्ये कॅनडातल्या बान्फला हॅरिस आणि डेनेट समोरासमोर बसून बोलले त्या भागापासून करा, दोघं एकमेकांना आवडणारे मित्र होते आणि तरी कुणी माघार घेत नाही. त्यानंतर २०२१ चा हॅरिसचा एकट्याचा फ्री विलवरचा भाग. तो ऐकून झाल्यावर गीतेचे ते दोन श्लोक परत वाचा आणि काय वाटलं ते इथे खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.