ब्लॅकोडायझिंग केलं, तरी गंज कसा आला? (तुमचे प्रश्न)

प्रश्न : ब्लॅकोडायझिंग करून आणलेल्या पिना पावसाळ्यात आठ दिवसांत गंजल्या. प्लेटिंगवाल्याने फसवलं का?

फसवलंच असेल असं नाही हो. ब्लॅकोडायझिंग म्हणजे लोखंडी पार्ट गरम कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) बाथमधे बुडवून काळा करणं. तो काळा थर म्हणजे मॅग्नेटाईट, पिनेच्याच लोखंडाचं ऑक्साईड, जाडी जेमतेम एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), वर त्याला बारीक बारीक छिद्रं, त्यामुळे नुसत्या काळ्या रंगाच्या भरवशावर राहिलात तर गंज येणारच. खरं काम करतं ते त्या छिद्रांत मुरलेलं तेल. एक पिन कोऱ्या कागदावर दाबून फिरवा, तेलाचा डाग उमटला नाही तर माल कोरडाच आलाय किंवा तुमच्याच पोराने पॅकिंगआधी डिझेलने धुतलाय (हे फार होतं). कायम उघड्यावर राहणारा पार्ट असेल तर सरळ झिंक प्लेटिंग करा.

प्रश्न : बोअरला (पार्टमधल्या भोकाला) एच७ टॉलरन्स आहे, म्हणजे मापात अगदी बारीक सूट, ब्लॅकोडायझिंगने साईझ जाईल का?

नाही. झिंकसारखा आठ-दहा मायक्रॉनचा थर वरून चढत नाही, म्हणून तर गेज आणि टूलिंगवाले हेच करून घेतात. फक्त आंधळी (आरपार नसलेली) भोकं नीट धुवून घ्या, आत कॉस्टिक अडकलं की चार दिवसांनी पांढरं बाहेर येतं.

प्रश्न : माझा स्वतःचा बाथ आहे, जॉबवर लालसर पावडर येते, हाताला लागते.

थर्मामीटर बघितलात का? कॉस्टिक आणि नायट्रेटचा बाथ साधारण १४० डिग्रीला उकळायला हवा, वाफेने पाणी उडालं की उकळबिंदू वर चढतो आणि लाल यायला लागतं. तळाचा गाळही काढा. उडालेलं पाणी परत घाला, मात्र थोडं थोडं, बारीक धारेने, लांब उभं राहून. मी एका शॉपमधे हेल्परला सरळ पाण्याचा मगच ओतताना पाहिलंय, फुस्सकन् कॉस्टिक उसळून त्याच्या बाहीवर, नशीब गॉगल होता डोळ्याला. आणि ॲल्युमिनियमचा पार्ट चुकूनही त्यात टाकू नका, विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो.

प्रश्न : बाटलीतलं थंड ब्लॅकनिंग चालेल?

टचअपला चालेल. ते लोखंडाचं ऑक्साईड नव्हेच, तांबं-सेलेनियमचा थर बसतो, घासला की निघतो. सेलेनियम विषारी आहे, ग्लोव्हज घाला, आणि तेल तिथेही लावायचंच.