त्या रोबोटला पगार विचारू नका

(कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात स्वतःचं मशीन शॉप असलेल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीआय ६.४, हीट ट्रान्सफर राहिलेला. तो आणि त्याचे तीन मित्र १५ किलो गटातला लढाऊ रोबोट बनवतात. दीड वर्षात ८६ हजार खर्च झाले आणि पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये पहिल्याच लढतीत ते बाहेर पडले. घरी आल्यावर वडिलांनी रोबोटचा सांगाडा भंगारात घातला. महिना झाला, मुलगा बोलत नाही. वडील विचारतात: यात करिअर आहे का? नसेल तर गेटला बसवू, एमपीएससीला, की पुण्यात सव्वा लाखाचा सहा महिन्यांचा ‘रोबोटिक्स आणि एआय’ कोर्स लावू?)

नमस्कार.

करिअरचं नंतर बघू. आधी ते कपाट उघडा. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलाय की ‘एक बॅटरी फुगलीय, ती त्याने कपड्यांच्या कपाटात टाकलीय, बाकीच्या रात्री पलंगाखाली चार्जिंगला लावून झोपतो.’ खर्च, मार्क आणि पाहुण्यांतला हिंजवडीचा मुलगा यांच्यावर दीड पान, आणि घर पेटू शकेल अशा गोष्टीवर एक ओळ. फुगलेली लिथियम पॉलिमर बॅटरी आजच घराबाहेर काढा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, ‘एकदा चार्ज करून बघू’ तर अजिबात नाही. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, झाकण घट्ट लावू नका आणि ऊन-पाऊस लागणार नाही अशा उघड्या जागी डबा ठेवा. मग ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भंगारवाल्याकडे नको, तो ती हातोड्याने फोडेल.

बाकीच्या बॅटऱ्यांचे नियम मुलाला लिहून द्या, किंवा खरं तर त्याच्याकडून लिहून घ्या. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर जायचं नाही आणि ३ च्या खाली उतरायचं नाही. म्हणजे सहा सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट. ५००० एमएएचच्या पॅकला चार्जिंगचा करंट ५ अँपिअर, आणि बॅलन्सची बारीक वायर जोडल्याशिवाय चार्जर सुरू करायचा नाही; नाहीतर एक सेल जास्त भरतो, दुसरा उपाशी राहतो आणि जास्त भरलेला फुगतो. आठवडाभर वापर नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. पूर्ण भरलेली ठेवून दिली की ती आतल्या आत खराब होत जाते. लढतीत मार खाल्लेला पॅक दिसायला बरा असला तरी काही वेळाने पेटू शकतो, म्हणून तो लगेच पिशवीत भरायचा नाही. चार्जिंग शॉपमध्ये, मोकळ्या फरशीवर, ऑइल आणि कॉटन वेस्टपासून लांब, आणि शेजारी जागा माणूस हवा. झोपलेला चालणार नाही.

आता तुमचा प्रश्न. लढाऊ रोबोट बनवणं हे करिअर आहे का? नाही. इथे नाही, आणि जिथे हा खेळ वाढला तिथेही जवळजवळ नाही. १९९४ मध्ये मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोबोट वॉर्स’ भरवलं, २००० साली ‘बॅटलबॉट्स’ टीव्हीवर आलं. तिथे २५० पौंडांचे, म्हणजे साधारण ११३ किलोंचे रोबोट एकमेकांना भिडतात. ते बनवणारे बहुतेक लोक सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर जातात. बक्षिसातून खर्च निघत नाही हे त्यांना माहीत असतं, आणि खर्च निघावा म्हणून ते हे करतही नाहीत. तुमच्या मुलाने तुम्हाला ‘पप्पा, याला स्कोप आहे’ असं सांगितलं असेल, तर ते त्याने घाबरून सांगितलंय. घरात प्रत्येक गोष्टीला ‘पुढे काय’ विचारलं जात असेल, तर मुलं आपल्या आवडीला खोटं पॅकेज चिकटवून दाखवतात.

त्या ‘स्कोप’मागचा गैरसमज मात्र तुमचा दोघांचा सारखाच आहे, आणि सव्वा लाखाचा कोर्स विकणाऱ्याचं दुकान त्याच्यावरच चालतं. लढाऊ रोबोट नावाला रोबोट असतो. तो रिमोटवर चालतो. त्याला डोळे नाहीत, तो स्वतः काही ठरवत नाही, त्याच्यात बहुधा मुलांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमही नसतो. वेल्डिंगला किंवा मशीनवर माल चढवायला कारखान्यात जो रोबोट बसतो, त्याचं शास्त्र वेगळं. तिथे हाताचे सांधे किती अंशांत वळवले की टोक कुठे पोचेल याचं गणित लागतं, पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक लागतो, कॅमेरा आणि सेन्सर लागतात. त्या नोकरीच्या मुलाखतीत ‘मी रोबोवॉर खेळलो’ एवढंच सांगितलं तर दुसऱ्या प्रश्नाला तो गप्प होईल. तुमचा मुलगा शिकतोय ते मशीन डिझाइन. धक्क्याखाली काय टिकतं, मोटर जाम झाली की कंट्रोलर का जळतो, सोल्डरचा जोड हादऱ्याने का सुटतो, दोन लढतींमधल्या थोड्या वेळात काय उघडता येईल आणि काय नाही. पंप, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिक गाड्या, ड्रोन, शेतीची अवजारं, टूलरूम या सगळ्या ठिकाणी असा माणूस लागतो. कोर्स लावू नका.

त्याच्या कामाकडे बघायचं कसं, याचं एक उदाहरण देतो. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या रोबोटचं शस्त्र, म्हणजे पुढचं फिरणारं चक्र, २०० मिलिमीटर व्यासाचं, दोन किलोचं, दोन दातांचं, ६००० आरपीएमला फिरणारं होतं. म्हणजे त्यात साधारण २००० ज्यूल ऊर्जा साठते. ५० किलोची सिमेंटची गोणी चार मीटर उंचीवरून पडावी, तेवढी. दाताच्या टोकाचा वेग ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास. आता मुलं काय करतात, आरपीएम वाढवतात. ऊर्जा वाढते, पण दात शिरत नाही. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दोन दात असतील तर सेकंदाला २०० वेळा दात समोरून जातो. दोन्ही रोबोट मिळून सेकंदाला तीन मीटर वेगाने जवळ येत असतील, तर दोन दातांच्या मध्ये समोरचा जास्तीत जास्त १५ मिलिमीटर आत येतो. आरपीएम दुप्पट केला की साडेसात. मग दात नुसता घासतो, ठिणग्या उडतात, पोरं ओरडतात आणि समोरच्याला काही होत नाही. उपाय असा की एकच दात ठेवायचा आणि पलीकडे तेवढंच वजन देऊन चक्र बॅलन्स करायचं. त्याच आरपीएमला ३० मिलिमीटर मिळतात. हे गणित पुस्तकात आहेच, पण हरून आलेल्या पोराला ते जन्मभर राहतं. राहिलेला हीट ट्रान्सफर सुद्धा त्याला त्याच्या जळलेल्या कंट्रोलरवरून शिकवला तर सुटेल.

आता ज्याने मला खरी काळजी लावली ते सांगतो. त्याचे मार्क नव्हेत.

तुम्ही लिहिता, ‘दात तुटणारच होता. ईएन ३१ घेतला आणि हार्डनिंगला टाकून ६० एचआरसी करून आणला. ते काय बेअरिंग आहे का?’ बरोबर आहे तुमचं. ईएन ३१ हे बेअरिंगचं स्टील, झिजेला चांगलं, धक्क्याला ठिसूळ, आणि ६० एचआरसी म्हणजे फारच कडक. तिथे ईएन २४ हवा होता, ४५ ते ५० एचआरसीच्या दरम्यान, टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, नीट केलेला, आणि दाताच्या मुळाशी काटकोन न ठेवता चांगली त्रिज्या दिलेली, कारण चीर तिथूनच सुटते. हे तुम्हाला माहीत होतं. दात बसवायच्या आधी माहीत होतं की तुटल्यावर कळलं, ते पत्रात नाही. पण पुढची ओळ आहे: ‘मी त्याला शॉपमध्ये पाय ठेवू देत नाही. मी आयुष्यभर हात काळे केले, त्याने एसीत बसावं.’ म्हणजे स्वतःचं लेथ, स्वतःचं मिलिंग घरात असलेला मुलगा दुसऱ्याच्या शॉपमध्ये जॉबचे पैसे मोजून पार्ट करून घेतो, तिथे चुकीचं स्टील घेतो, आणि हरून आल्यावर वडील सांगतात की तुटणारच होतं. माफ करा, पण याला मी शिस्त म्हणणार नाही. तुम्हाला स्वतःच्या कामाची लाज वाटते आणि ती तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवताय. मुलाला मात्र त्या कामाची लाज नाही. हात काळे करायला तो आपणहून गेलाय.

भंगाराबद्दलही बोलावं लागेल. तो सांगाडा चौघांचा होता. ८६ हजार भागिले चार, म्हणजे तुमच्या मुलाचा वाटा २१,५००. दीड वर्षात महिन्याला बाराशेच्या आत. उरलेले ६४,५०० इतर तिघांचे होते आणि तुम्ही ते किलोच्या भावाने विकले. त्या तिघांना तुम्ही स्वतः फोन करा. मोटर किंवा कंट्रोलर भंगारवाल्याकडे अजून पडलेला असेल तर आणा, नसेल तर त्याचे पैसे द्या. मुलाशी बोलणं त्यानंतर सुरू होईल, आधी होणार नाही.

मग शॉप उघडा, पण अटींवर. मशीन तो सुटीच्या दिवशी वापरेल आणि जॉबचा दर लिहून ठेवेल, उधारीवर चालेल. शॉपमध्ये चक्र कधीही फिरवून बघायचं नाही. पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्याबाहेर फिरणारं शस्त्र माणूस मारू शकतं. तपासणी करताना चक्राचा बेल्ट काढलेला, शस्त्राला लॉकची पिन लावलेली, चाकं ठोकळ्यावर उचललेली. मग रिमोट मुद्दाम बंद करायचा आणि सगळ्या मोटर थांबतात का ते बघायचं. रिमोट गेल्यावर रिसीव्हर शेवटचाच हुकूम धरून बसत असेल, तर फेलसेफ नीट सेट झालेला नाही. मेन पॉवर तोडणारी लिंक बाहेरून हाताला लागेल अशी हवी, कव्हर उघडून नव्हे. बोल्ट १२.९ ग्रेडचे, पण बोल्ट आडवा कापू पाहणारा जोर जिथे बसेल तिथे आट्याचा भाग येऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येकाला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे हादऱ्याने ढिले होऊ न देणारा डिंक, पण पुन्हा सुटू शकणारा. चक्राला व्ही-बेल्ट ठेवला तर धक्का बसल्यावर तो थोडा घसरतो आणि मोटरचा शाफ्ट वाचतो. टायमिंग बेल्टचे दात जातात. हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याला सांगायला हवं.

नोकरी लागल्यावर हा छंद सुटेल का? बहुतेकांचा सुटतो, कारण ते कॉलेजच्या पैशांवर आणि कॉलेजच्या वर्कशॉपवर मोठा रोबोट करायला शिकलेले असतात. टिकतात ते लहान गटात उतरतात. तीन पौंडांचा, म्हणजे १.३६ किलोचा रोबोट टेबलावर बनतो, शाळेच्या दप्तरात मावतो, एसटीने नेता येतो, आणि तुटला तरी पगारातून उभा राहतो. दोन संध्याकाळी आणि एक रविवार, एवढ्यात त्याचं काम बसतं. लग्नानंतरही तो खपवून घेतला जातो म्हणतात. त्यात तुमच्या मुलाचं नशीब असं की दुसऱ्या गावातले इंजिनिअर ज्याच्यासाठी कुरिअरची वाट बघतात, ते वायरकट आणि व्हीएमसी ही धातू कापायची मशीनं, हीट ट्रीटमेंट आणि फाउंड्री हे सगळं उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव यांच्या मध्ये स्कूटरच्या अंतरावर आहे.

परीक्षांबद्दल. गेट तिसऱ्या वर्षातूनही देता येते आणि तिचे गुण तीन वर्षं चालतात. एमटेक करायचं असेल तर द्यावी. एमपीएससी त्याने कुठेच मागितलेली नाही. नोकरीसाठी ६.४ ने फार अडत नाही, राहिलेल्या विषयाने अडतं. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या ‘एकही बॅकलॉग नको’ म्हणतात. तेव्हा त्याला पुढचे दोन महिने रोबोटला हात न लावता तो विषय काढायला सांगा, आणि त्या बदल्यात शॉपची किल्ली कबूल करा. ही देवघेव त्याला कळेल.

बायोडेटात ‘रोबोवॉर्स, सहभाग’ असं लिहू नये. तुटलेल्या दाताचा फोटो, ड्रॉइंग, स्टील, कडकपणा, चीर कुठून सुटली आणि पुढच्या वेळी काय बदललं, एवढं एका पानावर. मुलाखत घेणारा इंजिनिअर असेल तर तो बाकीची पानं उलटणारच नाही. दाताचा दुसरा तुकडा शॉपमध्ये पडला असेल, तो त्याला द्या. आणि बॅकलॉगचा फॉर्म भरायची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागेल. ती त्याला बघू द्या, तुम्ही बघायला जाऊ नका.