खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: आधी पाणी, मग मासे

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय करायचं ठरवलंत, छान निर्णय घेतलात! हा छंद अवघड नाही, फक्त सुरुवातीला धीर धरावा लागतो.

टाकी १०० लिटरच्या वरचीच घ्या. छोट्या टाकीत क्षारता आणि तापमान पटकन बदलतं आणि मासे ते सोसत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सायकलिंग, म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत उपयोगी जिवाणू वसवणं. मासे आणि उरलेलं खाणं यांतून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टाकीत ठेवलेल्या सच्छिद्र खडकावर हे जिवाणू वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टाकीत अमोनियाचा थोडा डोस द्या, बाटलीतले जिवाणू घाला आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत एकही मासा आणू नका. दुकानदार घाई करेल, ऐकू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नळाचं किंवा चौपाटीवरचं पाणी वापरतात. आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठीचं मीठ घ्या. विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं आहे ते सांगणारा आकडा) १.०२५ ठेवा.
- आटलेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरतात. मीठ आटत नाही, म्हणून भर साध्या आरओ पाण्याचीच.
- ब्लू टँग मासा आणतात. तो फूटभर वाढतो! क्लाउनफिशची जोडी पुरे.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र गांभीर्याने घ्या. पाणी २८ अंशांवर जायला लागलं की पृष्ठभागावर पंखा सोडा, तरी उतरलं नाही तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लावा.

प्रवाळांचा विचार सध्या नको. दगडी प्रवाळांना तर आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, कुणी विकायला आलं तरी घेऊ नका.

टेस्टचे आकडे आले की कळवा, पुढचं तेव्हा बोलू.