बारशाची भेट आणि पहिली फुली

अगं, बारशाला महिनाच उरलाय ना? मग भेटीसाठी फुलीच्या टाक्यानं (क्रॉस स्टिचनं) भरायचा तो मोठा राधाकृष्ण राहू दे. ७० बाय ७० घरांचं हत्तीचं पिल्लू घे, एका घरात एक फुली. १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या आयडा या भरतकामाच्या कापडावर ते बरोबर ५ इंच होतं. कापड मात्र ११ इंची काप, फ्रेमवाल्याला चारी बाजूंनी मोकळं लागतं.

लडीच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे, तेही हातभर. लांब घेतलास की गुंता ठरलेला. सुई बोथट टोकाची. कापडाची चौघडी करून मध्य काढ आणि तिथूनच सुरू कर. गाठ मारू नकोस, दोऱ्याचं शेपूट मागच्या टाक्यांखाली दाब. आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला! माझ्या पहिल्या मोराची अर्धी पिसं उलटी पडलीत, उजेडात अजून दिसतात.

बाळाचं नाव बारशालाच कळणार, म्हणून खाली १५ ओळी जास्तीच्या धर. अक्षरं आधी चौकटीच्या वहीत काढून बघ. वेलांटीला शिरोरेषेवर तीन घरं तरी लागतात, हे सगळे विसरतात. भेट आठवड्यानं दिलीस तरी कोणी रागावणार नाही.

लाल दोरा असेल तर गार पाण्यातच धू. इस्त्री उलट बाजूनं, खाली टॉवेल घालून.