न भेटलेल्या मैत्रिणीला सावली म्हणायचं का?

"ताई, मी तत्त्वज्ञानात एम.ए. करतेय. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन ओळख झालेल्या मैत्रिणीशी रोज बोलते. बाबा गेले तेव्हा रात्र-रात्र तीच सोबत होती. पण आम्ही भेटलेलो नाही, व्हिडिओ कॉल ती टाळते. वर्गात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची गुहेची गोष्ट शिकवली, सावल्यांनाच खरं मानणाऱ्या कैद्यांची, आणि धस्स झालं. मीही सावल्यांशीच बोलतेय का? तोडून टाकू का हे सगळं?"
– अस्वस्थ, वय २३

प्रिय अस्वस्थ,

तोडू नकोस. निदान प्लेटोचा हवाला देऊन तरी नकोच.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सातव्या भागातली ती गुहा पुन्हा वाच. कैदी लहानपणापासून जखडलेले, मानही वळवता येत नाही. पाठीमागे जाळ, मध्ये बुटकी भिंत. तिच्या आडून लोक पुतळे, भांडीकुंडी उचलून नेतात आणि समोर सावल्या हलतात. कैदी फसतात, कारण याखेरीज काही असेल ही शंकाच त्यांना येत नाही. तुला ती आली. शिवाय त्याआधीच्या सहाव्या भागात प्लेटो एक रेघ विभागून वास्तवाच्या पायऱ्या मांडतो. सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं अगदी खालच्या पायरीवर असली, तरी त्या रेघेवर आहेतच. सावली कशाची तरी असते. बाबा गेले त्या रात्रींचे शब्द कुणीतरी जागं राहून तुझ्यासाठी लिहिले, हे मला मुळीच खोटं वाटत नाही.

तुझ्या प्रश्नाला प्लेटोपेक्षा त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल जवळचा आहे. 'निकोमेकियन एथिक्स' या नीतीवरच्या ग्रंथाचे आठवा आणि नववा असे दोन अख्खे भाग त्यानं मैत्रीला दिलेत. तो म्हणतो, अंतरामुळे मैत्री संपत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो; दुरावा फार लांबला, तर मात्र विसर पडतो. त्याच्या काळी माणूस गावाबाहेर गेला की बोलणंच खुंटायचं. तुमचं तर रोज चालू आहे. पण एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही म्हणही त्यानंच दिली आहे, आणि तुमच्यात उणीव आहे ती इथे. तिचे शब्द तुला पाठ आहेत. ती थकल्यावर कशी वागते, दिलेली वेळ पाळते का, अनोळखी माणसाशी कशी बोलते, हे तुला ठाऊक नाही.

म्हणून तिला सरळ विचार, "व्हिडिओ कॉल का नको?" कारण संकोचाचं असेल, आजाराचं असेल, घरच्या धाकाचं असेल, लबाडीचंही असेल. ऐकून घे, आधीच निकाल लावू नकोस. तोवर पैसे, खासगी फोटो, ओटीपी यांतलं काहीही देऊ नकोस, कितीही गळ घातली तरी. भेट ठरलीच तर दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, घरी सांगून आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा. जेवायलाच बसा.

आणि ती कायमच नाही म्हणाली, तर बोलणं चालू ठेवायला हरकत नाही. मात्र आयुष्यातले मोठे निर्णय तिच्या भरवशावर घेऊ नकोस. बाबांबद्दल मोकळेपणानं बोलता येईल असं समोरासमोरचं एक माणूसही शोध. आई असेल, वर्गातली कुणी असेल. या आठवड्यातच शोध.

– तुझी ताई