गिटार पूर्ण झालेली दिसते, मग कारागीर ती ताब्यात का देत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्याच एका कारागिराकडे तुम्ही हाताने बनवलेली अकूस्टिक गिटार सांगितली. पॉलिश झालेल्या गिटारचे फोटो त्याने पाठवले, त्यालाही आता दोन महिने होत आले, आणि विचारलं की "अजून थोडं काम आहे" एवढंच उत्तर येतं. तो टाळतोय, की खरंच काही बाकी असतं?

मी हेच काम करतो, भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. फोटोतल्या गिटारमध्ये आणि तुमच्या हातात यायला हवी त्या गिटारमध्ये बरंच काम असतं, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक काम तेच. तारा चढून काही आठवडे जाईपर्यंत गिटार जमली की नाही, हे बनवणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. त्यामुळे दोन महिने या एकाच गोष्टीवरून मी त्याला लबाड ठरवणार नाही. तो त्या दोन महिन्यांत काय करतोय, ते मात्र तुम्ही जरूर विचारा. त्यासाठी काय विचारायचं, हे कळायला हवं.

आधी पॉलिशचं बोलू, कारण फोटोत तेच दिसतं. काही जण नायट्रोसेल्युलोज लॅकर मारतात, काही जण चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवतात. जुन्या घरांतल्या सागवानी कपाटांना असायचं, तेच हे दुसरं पॉलिश. लॅकर हाताला दिवसाभरात कोरडं लागतं, पण थरात अडकलेलं थिनर पूर्ण उडायला आठवडे जातात आणि तोवर थर आकसत राहतो. घाईने बफिंग केलं तर गिटार त्या दिवशी झकास दिसते, आणि महिन्याभरात शिसवी लाकडाची बारीक छिद्रं पुन्हा वर उमटतात. त्यात आपला पावसाळा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि सगळा थर पांढुरका, धुरकट होतो. जून ते सप्टेंबर मी स्प्रे गन हातात घेत नाही. तुमच्या गिटारचं पॉलिश याच महिन्यांच्या आसपास झालं असेल, तर उशिराचं निम्मं कारण तिथेच आहे.

पॉलिश पुरतं कडक झालं की ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा, चिकटवायचा. तो पॉलिशवर चिकटवून चालत नाही. जागेची आखणी करून, धारदार पटाशीने तेवढ्याच भागाचं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करावं लागतं, कारण जोड लाकडाला लाकूड असाच हवा. या जोडावर किती भार येतो ते बघा. १२ ते ५३चा (म्हणजे तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) साधा लाइट तारांचा संच पूर्ण सुरात चढवला, की सहा तारांचा मिळून ७० किलोंहून जास्त ताण पडतो. तो पेलायला असतो स्प्रूस या मऊ लाकडाचा टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, ज्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. जाड ठेवला तर गिटार वर्षानुवर्षं जागची हलणार नाही, पण बोलणारही नाही. फार पातळ केला तर आवाज पहिल्या दिवसापासून मोकळा, आणि काही वर्षांत ब्रिज पुढे कलतो, त्याच्या मागे टॉपला पोट येतं.

हा ताण वाटून घ्यायला टॉपच्या आतून लाकडी पट्ट्या असतात, मुख्य दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. ही रचना १८४०च्या दशकात अमेरिकेत सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारींत दिसू लागली. तेव्हा तारा आतड्याच्या असत. पुढे स्टीलच्या तारा आल्या, आणि त्यांचा वाढीव ताण पेलायला हीच फुली कामी आली. पट्ट्या तासताना टॉप दोन बोटांत कडेला धरायचा आणि अंगठ्याने ठोकून ऐकायचा. सुरुवातीला आवाज आखूड, लाकडी येतो. पट्ट्या उतरत गेल्या की तो लांबतो आणि खालचे स्वर भरायला लागतात. कुठे थांबायचं हे कानच सांगतो. पण तो टॉप सुटा, हातात धरलेला असतो. बॉडी बंद झाली, नेक बसली, ब्रिज लागला, की आपला अंदाज किती बरोबर होता ते तारा सांगतात.

आणि त्या पहिल्या दिवशी सगळं सांगत नाहीत. ताण आल्यावर टॉप किंचित वर येतो, नेक किंचित पुढे ओढली जाते, आणि तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची, जिला आम्ही अ‍ॅक्शन म्हणतो, ती आपोआप बदलते. सोमवारी मोजलेली उंची पंधरा दिवसांनी तीच राहत नाही. म्हणून मी गिटार पूर्ण सुरात ठेवतो, रोज थोडी वाजवतो, नेकमधला ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी सळई, लागेल तसा फिरवतो आणि सॅडलला, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीला, शेवटचा हात लावायचं लांबवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की गिटार नुसती टांगून ठेवली आहे.

गिटार स्थिरावली की फ्रेटचं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं काम. पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबला, की मधली तारच सरळपट्टी होते. तिच्या खाली सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी साधारण ०.२ मिलिमीटर फट हवी, वाजताना तारेला थरथरायला तेवढी जागा लागते. मग सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची आणि सपाट कानस हलकेच फिरवायची. जिथली शाई जाते तो फ्रेट उंच, जिथली राहते तो खोल. सगळीकडची शाई सारखी गेली की प्रत्येक माथा पुन्हा गोल करायचा, टोकं घासून मऊ करायची. यात हात आखडता घेतलेली गिटार मी दुकानात चार स्वर वाजवून ओळखतो. वरच्या फ्रेटवर तार खरखरते, आणि ती खरखर लपवायला कुणीतरी अ‍ॅक्शन उंच करून ठेवलेली असते. नवशिक्याची बोटं दुखतात आणि त्याला वाटतं, आपल्याला गिटार जमणारच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याशी ज्यांची ओळख आहे त्यांना इथे गोंधळ होतो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते फार आधी मिळायला हवं होतं.) तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाकार असते. तार तिला हलकेच चाटत कंप पावते आणि त्यातून ती गूंज निघते. ही गूंज आणणारा, म्हणजे जवारी लावणारा, तासन्‌तास तेवढंच घासत बसतो. गिटारमध्ये याच्या नेमकं उलट करायचं असतं: तार सॅडलवरून एकाच ठिकाणी, स्वच्छ सुटली पाहिजे. दोन्हीकडे कारागीर अर्ध्या मिलिमीटरशीच झगडत असतो.

सॅडल म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली हाडाची पट्टी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथली उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावं लागतं. शिवाय तार दाबली की ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड तारेचा जास्त चढतो. ते भरून काढायला सॅडल तिरकं बसवतात, म्हणजे जाड तारांची लांबी किंचित वाढते. बारीक बाजूने दुसऱ्या तारेचा प्रश्न वेगळा. न गुंडाळलेल्या दोन तारांमधली ती जाड, म्हणून तिचा टेकण्याचा बिंदू मुद्दाम मागे घ्यावा लागतो. हे सगळं ३ मिलिमीटर रुंदीच्या हाडावर, बारीक कानसेने.

अलीकडच्याच एका कामाचं सांगतो. गिटारवर स्वतःच साथ घेऊन भावगीतं गाणाऱ्या एका ताईंची ती गिटार. हात लहान, म्हणून तारांची लांबी नेहमीच्या ६४५ऐवजी ६३२ मिलिमीटर ठेवली. टॉप स्प्रूसचा, बॅक आणि बाजू शिसवीच्या. जगभर ज्याला इंडियन रोझवूड म्हणून मान आहे, ते आपलं शिसवच. त्या पहिल्यांदा वाजवायला आल्या तेव्हा आवाजावर खूश होत्या, पण गायला लागल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "दादा, दुसरी तार चढी लागतेय. एकटी वाजवली की बरोबर वाटते, गाताना खुपते."

त्यांचा सूर काळी पाच. म्हणजे पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा चिमटा) आणि पुढे ए मेजर कॉर्डचा आकार. मी त्यांना त्यांचाच कॅपो लावायला सांगितला आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर हार्मोनिकशी, म्हणजे तिथेच तारेला न दाबता नुसता स्पर्श करून येणाऱ्या स्वराशी, ताडून पाहिला, कॅपोमुळे एक घर पुढे सरकून, तेराव्यावर. दुसरी तार खरंच थोडी चढत होती. कॅपोचा रबर घट्ट, आणि त्या तो दोन फ्रेटच्या मधोमध लावत होत्या. कॅपो फ्रेटच्या लगत आणला, सॅडलवर दुसऱ्या तारेचा बिंदू आणखी जरासा मागे घेतला, आणि फरक बराचसा गेला. सगळा गेला नाही. ए मेजरच्या आकारात गंधार नेमका दुसऱ्या तारेवर येतो, आणि त्यांच्या मोबाइलवर तानपुरा चालू होता. फ्रेटची घरं सप्तकाचे बारा समान भाग करून आखलेली असतात, त्यात शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा पडतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पेटीवरही तेच होतं. त्यांचा कान खरा होता. तो फरक कुठलंही सॅडल सगळ्या सुरांसाठी काढू शकत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. दुसरी तार कानाने केसभर उतरवून गायचं त्यांनी ठरवलं. ही दुपार कुठल्याच फोटोत दिसणार नाही, पण ती गिटार त्यांची झाली ती त्या दुपारी.

आता हवेचं. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र दमटपणाने फुगतं आणि कोरडेपणाने आकसतं. गिटार चिकटवायची खोली ४५ ते ५० टक्के आर्द्रतेची हवी. मुंबईत जुलैत बाहेर ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत टॉपला पट्ट्या चिकटवल्या आणि पुढे ती गिटार दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा दिवसरात्र एसी असलेल्या खोलीत गेली, तर आकसायला जागा नसते आणि टॉपला चीर जाते. म्हणून गाळ्यात बंद खोली आणि हवेतला दमटपणा शोषणारा डीह्युमिडिफायर हवाच, आणि तो चालूही हवा. कोरड्या हवेत बनलेली गिटार पावसाळ्यात फुगते, अ‍ॅक्शन वर येते, आवाज जरा दबतो, पण चिरत नाही. मी मुंबईतल्या गिऱ्हाइकांना दोन सॅडल देतो, एक एरवीचं आणि एक पावसाळ्यासाठी थोडं बसकं.

तर तुमच्या कारागिराला फोनवर "कधी देणार" असं विचारू नका. तारा चढल्या का, कधी चढवल्या, ते विचारा. चढल्या असतील तर गाळ्यावर येऊन वाजवू का, असं विचारा. काम करणारा माणूस यावर खूश होतो, कारण तुमचा हात आणि तुमचा सूर बघितल्याशिवाय त्यालाही सॅडल पुरं करता येत नाही. जाताना तुमचा कॅपो, तुमच्या नेहमीच्या तारा न्या, आणि तुम्ही जशी गाणी वाजवता तशीच वाजवा. तारा अजून चढल्याच नसतील, तर पॉलिश कडक व्हायची वाट बघतोय का ते विचारा. हे कारण पावसाळ्यात मला पूर्ण पटतं, जानेवारीत दोन महिन्यांसाठी पटत नाही. "मशीन हेड (तारा पिळायच्या खुंट्या) बाहेरून यायचेत" हेही या टप्प्यावर पटत नाही. स्प्रूस, ट्रस रॉड, मशीन हेड हे सगळं साधारण बाहेरूनच येतं, आणि ते काम सुरू करतानाच मागवायचं असतं. तो गाळ्यावर येऊच देत नसेल आणि उरलेले पैसे मात्र आधी मागत असेल, तर पैसे देऊ नका. आधी गिटार हातात घेऊन बघा.

ताब्यात आल्यावर उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका, त्या उष्णतेने जोडांतला गोंद मऊ पडतो. केसमध्ये ठेवा, केसमध्ये आर्द्रता दाखवणारा साधा हायग्रोमीटर ठेवा. आणि पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास एकदा परत त्याच्याकडे दाखवायला न्या. त्या तपासणीचे पैसे वेगळे लागणार का, हे आत्ताच विचारून ठेवा.