नेट आलं, पण असाइनमेंट अडकली

प्रश्न: ताई, घरी नुकतंच वायफाय घेतलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे पण माझ्या खोलीत लेक्चर सारखं अडकतं, आणि काल रात्री असाइनमेंटची फाइल ९९ टक्क्यांवर जाऊन तिथेच बसली, डेडलाइन गेली! मोठा प्लॅन घेऊ का?

उत्तर: थांब गं, लगेच पैसे नको घालवूस. राउटर कुठे ठेवलाय? टीव्हीच्या मागे कोपऱ्यात असेल तर आधी उंचावर, मोकळ्या जागी आण. राउटरची बहुधा दोन वायफाय नेटवर्क असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झची; ५ वालं फास्ट असतं पण मध्ये भिंती आल्या की दमतं, म्हणून तुझ्या खोलीत २.४ वालं जोडून बघ, आणि लॅपटॉपला लॅन केबल लावता आली तर उत्तमच. आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे बरं का (सगळेच फसतात इथे), ते १०० मेगाबिट असतात आणि एमबी म्हणजे मेगाबाइट; ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ एमबी, त्यात काही प्लॅनमध्ये अपलोड स्पीड (फाइल पाठवायची) डाउनलोडपेक्षा बरीच कमी असते, तुझी फाइल तिथेच अडकली असणार. स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा बघ. फोटो लहान करून पीडीएफ बनव. कालचं म्हणशील तर स्क्रीनशॉट जोडून सरांना आजच मेल टाक.